लिलावात निघालेले चोवीस पाय

“गेली! अख्खी पेटी गेली!”

भोंगा ओरडला. त्याला सगळे भोंगा का म्हणत, ते वेगळं सांगायला नकोच. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

कासव अजून जिन्यातच होती, चौदाव्या पायरीवर. आजोबांच्या माळ्यावरच्या कारखान्यात जायला बावीस पायऱ्या चढाव्या लागत. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता, म्हणून चाल सावकाश, आणि म्हणून कासव. हे नाव तिने स्वतःच ठेवून घेतलं होतं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. आज तर तिच्या डाव्या बुटाचा जाड तळ तिसऱ्यांदा सुटला होता. तो सुतळीने बांधून ती पायऱ्या चढत होती. सुट्टी लागून दहाच दिवस झाले होते, पण तिला वाटत होतं, आपण वर्षभर नुसते जिनेच चढतो आहोत.

“काय आहे वर?” तिने खालूनच विचारलं. “काही नसेल तर मी इथेच बसते.”

“तेच तर सांगतोय! काही नाहीये!”

मग चढावंच लागलं.

कारखाना म्हणजे एक खोली. एक लांब टेबल, चामड्याचा वास, आणि भिंतीवर पाच फळ्या. मधल्या फळीवर ती पेटी असायची. आजोबा बूट करायचे, पण दुकानात मिळतात तसे नाहीत. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, कुणाचा आखूड, कुणाचा वळलेला, कुणाला तीनच बोटं, अशा बारा माणसांचे बूट ते करत. प्रत्येकाच्या पायांचे हुबेहूब लाकडी साचे त्यांनी कोरून ठेवले होते. बारा माणसं, चोवीस साचे. साच्यावर चामडं ताणायचं, ठोकायचं, शिवायचं, की त्या पायाचा बूट तयार. साचा नसेल तर बूट नाही, इतकं ते सरळ होतं.

“नवे कोरतील की,” भोंगा म्हणाला.

“एका डोळ्याने?” कासव स्टुलावर धपकन बसली. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने पटाशीला हात लावायचा नाही. शिवणं, ठोकणं चालेल, कोरणं नाही. “एक साचा कोरायला महिना लागतो. माझी शाळा तीन आठवड्यांनी सुरू होतेय. या सुतळीवर जाऊ?”

तिच्या आवाजात रडू नव्हतं. ती फक्त दमली होती. रोज संध्याकाळी कंबर दुखायची, आणि ते कुणाला सांगायचाही तिला कंटाळा आला होता.

“थांबा.” हे म्हणाली हिशेबी. ती गल्लीतल्या शिंपीणकाकूंची मुलगी. तिला भाजी निवडायला दिली तरी ती आधी देठ मोजायची. तिने फळीवर बोट फिरवलं. “सगळीकडे धूळ आहे, पेटीच्या जागेवर नाही. म्हणजे पेटी जाऊन एक-दोनच दिवस झालेत. आणि हे बघा, चिकटपट्टीचा तुकडा. चोर कधी चोरीचा माल पॅक करतो का?”

भोंगा काहीच बोलला नाही. भोंगा गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय! दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“बाबांनी परवा फोटो काढले,” तो पुटपुटला. “मी टॉर्च धरला होता. मला काय माहीत ती हीच पेटी होती! मी बघितलंच नाही. ते म्हणाले, जुनं लाकूड आहे.”

कासवने कपाळाला हात लावला.

भोंग्याचे बाबा म्हणजे कासवचे काका. ते बस चालवायचे. भोंग्याची आई महिनाभर परगावी कामाला गेली होती, तेव्हापासून काका दोन पाळ्या करायचे, येऊन स्वयंपाक करायचे, आजोबांच्या डोळ्यात औषध घालायचे आणि बुटांसकट झोपायचे. त्यातून उरलेल्या वेळात ते घरातलं जुनं सामान लिलावाच्या साइटवर विकत. माळा रिकामा करून भाड्याने द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. काका वाईट माणूस नव्हते. फक्त गेल्या महिन्यात ते पूर्ण जागे असे कुणाला दिसले नव्हते.

घरच्या जुन्या संगणकावर ती जाहिरात सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ‘जुने लाकडी पाय. भिंतीवर शोभेला छान. चोवीस नग. बोली शंभरापासून. थेट खरेदी पाचशे. लिलाव संपणार आज दुपारी साडेचारला.’

खाली फोटो होता. चौथ्या साच्यावर आजोबांचं अक्षर दिसत होतं: ‘डावा, दोन बोटं.’

“हा माझा पाय आहे,” कासव म्हणाली. तिने स्क्रीनवर त्या अक्षरावर बोट ठेवलं.

“पाचशे?” हिशेबीने डोळे बारीक केले. “बाकीच्या सामानाला काकांनी अडीच हजार, तीन हजार लावलेत. इथे पाच हजार लिहायचे असणार. एक शून्य खाल्लंय!”

“टाइप करताना झोपले होते,” भोंगा म्हणाला. “मीच उठवलं. गालावर कळफलकाचे ठसे होते.”

काकांना फोन लावला. बंद! बस चालवताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे, आणि काकांची पाळी सहाला सुटायची. आगारात फोन केला तर तिथल्या कारकुनाने जांभई दिली आणि म्हणाला, “गाडी मार्गावर आहे. आल्यावर निरोप देतो.” आणि ठेवून दिला.

“पेटी कुठाय? आपण ती लपवून ठेवू!” भोंग्याला एकदम हुरूप आला.

“कुठे आहे ते तूच सांग,” कासव म्हणाली.

भोंग्याचा हुरूप गेला. “पार्सलवाल्याच्या गोदामात. काल पॅक केलेलं खोकं नेताना मीच हातगाडीला धक्का दिला. सौदा झाला की तिथूनच परस्पर रवाना.”

“तुला दुसरा काही उद्योग नव्हता का रे?”

हिशेबी मात्र स्क्रीनवरून हलली नव्हती. “भांडणं नंतर करा. हे वाचा.”

जाहिरातीखाली प्रश्नांचा रकाना होता. कुणीही विक्रेत्याला प्रश्न विचारावा, आणि तो सगळ्यांना दिसावा, अशी सोय. तिथे कुणा सजावटवाल्याने लिहिलं होतं: ‘माझ्या ग्राहकाच्या हॉटेलची भिंत सजवायची आहे. पाठवणीचा खर्च कळवा, लगेच थेट खरेदी करतो.’

“म्हणजे काकांनी उत्तर दिलं नाही म्हणून पेटी अजून आहे!” कासव म्हणाली.

“आणि तो कंटाळून बटण दाबेल तेव्हा नसेल. नीट ऐका. इथे घ्यायचे दोन रस्ते आहेत. एक बोलीचा. शंभरापासून सुरू, जो जास्त म्हणेल तो पुढे, आणि साडेचारला जो सगळ्यांच्या पुढे असेल त्याचा माल. दुसरा थेट खरेदीचा. ठरलेले पाचशे मोजले, बटण दाबलं, खेळ खलास! साडेचारची वाट बघायची नाही.”

“मग आपणच दाबू! पाचशे आहेत की आपल्याकडे!”

“अठरा वर्षांखाली खातं मिळत नाही. आणि तुम्ही विकणाऱ्याच्या घरचे. घरच्यांनी घुसायचं नाही, असा नियम आहे, नाहीतर लोक आपल्याच मालाचा भाव चढवत बसतील. माझ्या आईचं खातं आहे. ती परकी आहे, आणि आपल्याला भाव चढवायचा नाही, माल खरंच घ्यायचाय. पण थेट खरेदीला पैसे आधी खात्यात लागतात. आईच्या खात्यात किती असतात?”

“किती?”

“अकरा. कधीकधी नऊ. बँकेत भरायला जाऊन येईपर्यंत तो सजावटवाला काय वाट बघेल?” मग हिशेबी पहिल्यांदाच हसली. “पण बोलीला आधी पैसे लागत नाहीत, जिंकल्यावर दोन दिवसांत भरायचे. आणि इथे खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? ‘पहिली बोली आली की थेट खरेदीचं बटण नाहीसं होईल.’ शंभराची एक बोली टाकायची, की बटणच गायब! मग त्याला साडेचारपर्यंत थांबणं आलं.”

“वा!” भोंगा ओरडला. उरलेली कबुतरंही गेली.

आजोबा घरात नव्हते, हे एक बरं होतं. जेवण झाल्यावर ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून ते डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर पडले होते. त्यांना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, असं तिघांनी ठरवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यातून पाणी येता कामा नये.

शिंपीणकाकूंचं दुकान चार घरं सोडून होतं. काकूंच्या तोंडात तीन टाचण्या होत्या आणि मांडीवर बत्तीसपैकी एकोणिसावा शर्ट.

“मी सकाळपासून दीडशे काजं केलीत,” टाचण्यांच्या फटीतून त्या म्हणाल्या. “माझ्याशी आज कुणी बोलू नका.”

“आई, तू बोलू नकोस. नुसतं ऐक.”

त्यांनी ऐकलं. कासवच्या सुतळी बांधलेल्या बुटाकडे पाहिलं. मग टाचण्या काढून उशीला खोचल्या.

“बोली म्हणजे शब्द असतो, कळलं? जिंकलं की घ्यावंच लागतं. मागे मी चुकून चाळीस किलो बटणं जिंकले होते. अजून संपत नाहीत मेली. पैसे कुणाचे?”

तिघांनी सुट्टीचे साठवलेले पैसे टेबलावर ओतले. कासवचे सहाशे चाळीस, हिशेबीचे सहाशे पन्नास, भोंग्याचे दोनशे दहा.

“पंधराशे,” हिशेबी म्हणाली. तिने मोजलेच नव्हते, तिला येतानाच माहीत होतं.

“मग पंधराशेच्या वर एक पैसाही जाणार नाही,” काकू म्हणाल्या आणि फोन काढला. “आणि दर मिनिटाला बोट दाबत बसायला मला वेळ नाही. आपली कमाल सांगून ठेवायची. ती कुणाला दिसत नाही. समोरचा जेवढं म्हणेल त्याच्या दहा वर साइट आपोआप जाते. पंधराशे संपेपर्यंत ती आपल्या वतीने भांडते.”

त्यांनी कमाल टाकली. पडद्यावर आकडा आला: शंभर. आणि त्याच क्षणी थेट खरेदीचं बटण नाहीसं झालं!

तेवढ्यात गल्लीच्या पलीकडून कुणीतरी “अरे!” असं ओरडलं. पण गल्लीत कुणी ना कुणी ओरडतच असतं. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तीन वाजले. तिघंही दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगावर टेकली. पंखा फिरत होता, पण वारा शर्टांना लागत होता, माणसांना नाही. भोंग्याला डुलकी लागली.

टुण! काकूंचा फोन वाजला. कुणीतरी एकशे दहा म्हटलं होतं. साइट लगेच एकशे वीसवर गेली.

“आला सजावटवाला!” कासव ताठ बसली.

टुण! एकशे तीस. इकडून एकशे चाळीस. टुण! एकशे पन्नास. एकशे साठ.

“याला कमाल टाकायचं माहीत नाही,” हिशेबी म्हणाली. “हाताने दहा-दहा चढवतोय. दर वेळी दोन मिनिटं लावतो. काय बाबा चिवट माणूस आहे!”

चिवट म्हणजे काय, भलताच चिवट! चारशे झाले, सहाशे झाले. कधी तो माणूस कंटाळून एकदम पन्नासाची उडी मारायचा, परत दहावर यायचा. नऊशे. दर टुणला कासव फोनकडे वळायची. काकूंनी फोन उलटा करून ठेवला, तरी टुण ऐकू यायचंच.

पावणेचारला बाराशे झाले. हिशेबी भिंतीला टेकून नुसती आकडे पुटपुटत होती. कासवचा पाय ठणकत होता, म्हणून ती दाराशी जाऊन उंबऱ्यावर बसली. समोर न्हावीकाकांचं दुकान. दार लावलेलं, ‘बंद’ची पाटी.

टुण! आणि पलीकडून आवाज आला, “अरेरे!”

कासवने मान वर केली. दोन मिनिटं गेली. टुण! “अरेरेरे!”

“ए, इकडे या,” ती हळूच म्हणाली. “नीट ऐका. आपल्या इथे टुण झालं की समोर कुणीतरी हळहळतं.”

तिघांनी कान टवकारले. समोर कुणीतरी म्हणालं, “हाणा, अजून दहा!” इकडे टुण! तिकडे, “छ्या! परत वर गेला तो!”

“न्हावीकाका!” भोंग्याचा जबडा खाली आला. “न्हावीकाका आपल्या पायांवर बोली लावताहेत? कशाला?”

“भिंतीला लावायला असतील! आरशाच्या बाजूला!” कासव संतापली. दर आठवड्याला आजोबांशी बुद्धिबळ खेळणारा हा माणूस!

भोंगा तीरासारखा गेला आणि दार बडवून परत आला.

“आतून म्हणाले, ‘दुकान बंद आहे.’ बंद दुकान कधी बोलतं का? मी म्हटलं, उघडा, तर सगळे चिडीचूप!”

“सगळे? म्हणजे आत दोघं आहेत?” हिशेबीने विचारलं.

पण विचार करायला वेळच राहिला नाही. चार वाजून वीस मिनिटांनी साइट पंधराशेवर पोचली, आणि दोन मिनिटांनी समोरचा पंधराशे दहा म्हणाला. काकूंच्या फोनवर लाल अक्षरं आली: ‘तुमच्यापेक्षा जास्त बोली लागली आहे.’ समोर आनंदाने कुणीतरी टेबल बडवलं.

“काकू, वीसच! फक्त वीस!” भोंगा काकुळतीला आला.

“नाही रे राजा.” काकूंचा आवाज कोरडा नव्हता, थकलेला होता. “आज वीस, मग अजून वीस. तसंच करून माझ्या घरी चाळीस किलो बटणं आली. शब्द पंधराशेचा होता.”

हिशेबीने आयुष्यात पहिल्यांदा आकडे मोजायचे थांबवले. कासव आपल्या बुटाकडे बघत राहिली. इतकं सगळं करून पाय शेवटी कुणाच्या तरी भिंतीवरच जाणार होता. रागवायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मग ती म्हणाली, “काकू, बोली नको. एक प्रश्न विचारू? प्रश्नाला पैसे पडत नाहीत ना?”

काकूंनी फोन तिच्या हातात दिला. ती सावकाश टाइप करत राहिली. सात मिनिटं उरली होती, पण घाई करणं तिला जमतच नव्हतं. रकान्यात तिने लिहिलं:

‘चौथ्या साच्यावर ‘डावा, दोन बोटं’ लिहिलंय. तो माझा पाय आहे. विकायचा आहे का, हे मला कुणी विचारलं नाही. तो परत मिळेल का?’

तिने बटण दाबलं.

समोरच्या दुकानात काहीतरी धाडकन पडलं. खुर्ची असावी. ‘बंद’ची पाटी हलली, दार सताड उघडलं, आणि बाहेर आले ते न्हावीकाका नव्हतेच! अर्ध्या गालावर साबणाचा फेस, एका डोळ्यावर पट्टी, गळ्यात पांढरं कापड आणि हातात न्हावीकाकांचा फोन!

“आजोबा!”

“कासवा!” आजोबा गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले. “मघापासून माझ्याशी भांडणारी ती तू होतीस?”

“आणि तुम्ही? तुम्ही म्हणालात पाय मोकळे करून येतो!”

“तेच करत होतो की, चोवीसच्या चोवीस!” आजोबांनी फेस बाहीला पुसला. मागून वस्तरा घेऊन न्हावीकाका आले. साइटवर जुन्या खुर्च्या शोधताना त्यांनाच ती जाहिरात दिसली होती. आजोबा दाढीला बसले तेव्हा त्यांनी दाखवली, आणि मग दाढी तशीच राहिली.

“पण काकांना विचारायचं ना सरळ!” कासव म्हणाली.

आजोबांनी गळ्यातलं पांढरं कापड काढलं. “तो दोन पाळ्या करून येतो. त्याला काय बोलू? गुपचूप विकत घेऊ म्हटलं, त्याला वाईट नको वाटायला. खरं सांगू? मलाच वाईट वाटलं. त्याला वाटलं, म्हातारा संपला.” मग ते एकदम चिडले. “आणि पाचशेत मिळत होती! न्हाव्याच्या खात्यात पैसे होते, मी बटणावर बोट ठेवायला गेलो, आणि बटणच गायब! कुठल्या गाढवाने शंभराची बोली टाकली कोण जाणे!”

हिशेबीचे कान लाल झाले.

“आजोबा,” ती घाईघाईने म्हणाली, “सव्वाचार... नाही, चार सत्तावीस झाले! तुमची कमाल किती आहे?”

“कमाल म्हणजे?”

“अरे देवा! तुम्ही आता पंधराशे दहावर आहात. तो सजावटवाला शेवटच्या क्षणी पंधराशे वीस म्हणाला, तर तुम्हाला हाताने वाढवायला वेळच मिळणार नाही. जास्तीत जास्त किती देणार ते आत्ताच सांगून ठेवा. लागलं तेवढंच जाईल.”

आजोबांनी खिशातलं पाकीट काढलं. आत नव्या चष्म्यासाठी ठेवलेले पैसे होते. ते त्यांनी बघितले, मग कासवच्या बुटाची सुतळी बघितली.

“चार हजार,” ते म्हणाले. “लिही.”

“आणि चष्मा?” न्हावीकाकांनी विचारलं.

“एक डोळा आहे अजून. लिही!”

न्हावीकाकांनी आकडा टाकला. हिशेबीने आकडा दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, “दाबा.”

सगळे फोनभोवती दाटीने उभे राहिले. काकूही शर्ट हातात घेऊनच आल्या. एक मिनिट. काहीच नाही. तीस सेकंद. काहीच नाही. भोंगा श्वास रोखून लालबुंद झाला होता. पंधरा सेकंद. आकडा थरथरला!

सव्वीसशे! आणि लगेच, सव्वीसशे दहा.

“आला होता! खरा सजावटवाला आला होता!” हिशेबी किंचाळली. “सव्वीसशे म्हणाला, साइटने त्याच्यावर दहा टाकले!”

पाच, चार, तीन, दोन. पडदा हिरवा झाला. ‘अभिनंदन! वस्तू तुमची झाली.’

भोंग्याने जी आरोळी ठोकली, ती म्हणे आगारापर्यंत ऐकू गेली. कासव मात्र तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. आजोबा तिच्या शेजारी बसले.

सव्वासहाला काका आले, टोपी काखेत, डोळे अर्धे मिटलेले. लॉकरमधून फोन काढून त्यांनी रस्त्यातच सगळं पाहिलं होतं.

“बाबा, ते लाकूड सव्वीसशे दहाला गेलं! कोण येडा भेटला, देव जाणे,” ते म्हणाले. मग फोन पुन्हा जवळ धरला. “पत्ता तर आपल्याच गल्लीचा आहे. समोरचा न्हावी?”

आजोबा, तिघं मुलं, काकू आणि न्हावीकाका ओळीने उभे होते. मग भोंग्याने सगळं सांगितलं. या वेळी हळू आवाजात.

काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर खाली बसले. “मी साच्यांवरचं अक्षर वाचलंच नाही,” ते म्हणाले. “पेटी उघडली, नग मोजले, फोटो काढला, झालं. मला वाटलं, बाबा आता काम नाही करणार.”

“मला विचारलंस?”

“विचारायला बसावं लागलं असतं, बाबा. बसलो असतो तर झोपलो असतो.”

आजोबा रागावणार होते, ते हसलेच. “मीपण कुठे बोललो? मी माझ्याच नातीशी तासभर भांडत बसलो. साइटची दलाली गेली ती माझ्या गप्प बसण्याची फी.”

“आणि शाबासकी कुणाला?” काकूंनी विचारलं. “या पोरांनी पहिली बोली टाकली नसती, तर तुमचं बोट बटणापाशी पोचायच्या आत त्या सजावटवाल्याचं पोचलं असतं.”

“हिशेबी, तू मोठी झालीस की माझे सगळे लिलाव तूच कर,” काका म्हणाले. “भोंग्या, तू टॉर्च धरायचा, पण आधी काय आहे ते बघायचं. आणि कासव...” ते पुढे काही बोलणार होते, पण त्यांची मान भिंतीला टेकली होती. ते झोपले होते.

सजावटवाल्याला काकांनी दुसऱ्या दिवशी माफीचं पत्र लिहिलं. आजोबांकडे साध्या मापाचे, बिननावाचे सोळा जुने साचे होते, ते त्याला पाचशेतच दिले. माळा भाड्याने द्यायचा बेत मोडला.

पेटी घरी आली तेव्हा आजोबांनी कासवचा साचा काढला आणि तिच्या पायाशी धरला. साचा लहान होता.

“म्हणजे? एवढं सगळं करून उपयोगच नाही?” ती ओरडली.

“पाय वाढतो ग बाई. दर वर्षी वाढतो.” आजोबांनी साच्याच्या टाचेवर चामड्याचा एक पातळ थर चिकटवला, मग बोटांवर एक. त्याखाली मागच्या वर्षीचा थर होता, त्याखाली त्याच्या मागचा. “कोरायचं काम एकदाच. नंतर नुसती भर घालायची, तेवढं एका डोळ्याने जमतं.”

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बूट तयार झाले. कासव बावीस पायऱ्या उतरून खाली आली आणि कंबर दुखली नाही. ती तशीच चालत शिंपीणकाकूंकडे बूट दाखवायला गेली. काकूंनी टाचण्यांच्या मधूनच फोन पुढे केला.

“हे बघ, मला आज दिसलं. तुझ्या प्रश्नाला उत्तर आलेलं आहे. तीन आठवडे झाले त्याला.”

तारीख त्याच दिवसाची होती, वेळ संध्याकाळची साडेसात. म्हणजे काका पायरीवरून उठले, आणि जेवायच्या आधी त्यांनी ते लिहिलं होतं. कासवने वाचलं.

‘विक्रेत्याचं उत्तर: हो, मिळेल. पाय तुझाच आहे. विचारायला हवं होतं, चुकलो. काका.’

ती घरी आली तेव्हा काका पाळीहून येऊन खुर्चीतच झोपले होते, बुटांसकट. तिला त्यांना उठवून नवे बूट दाखवायचे होते. ती जरा वेळ उभी राहिली. मग तिने त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले, आणि त्यांना झोपू दिलं.